राग काढायचा कोपरा

सुहास जुने मॉनिटर फोडायचा. चोरून नाही, राजरोस. घाटकोपरच्या भटवाडीत, आमच्याच गल्लीत त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात मेलेल्या यंत्रांचा ढीग. पोट सुटलेले मॉनिटर, पत्र्याचे कॅबिनेट, प्रिंटर, बटणं उडालेले कीबोर्ड. डोकं फिरलं की साहेब उठायचे, वेल्डिंगवाल्याचा चष्मा डोळ्यांवर चढवायचे आणि हातोडी घेऊन त्या ढिगावर तुटून पडायचे. मॉनिटरच्या नळीत पोकळी असते, म्हणून आधीच तिच्यात हवा सोडलेली असायची, नाहीतर स्फोट होतो म्हणे. पाच मिनिटांत काचेचा, प्लास्टिकचा चुरा. मग घाम पुसत बाहेर यायचा आणि गिऱ्हाइकाला गोड आवाजात विचारायचा, "हां काका, काय होतंय तुमच्या प्रिंटरला?" काका बिचारे प्रिंटर उचलून पळायच्या बेतात.

स्वतःला तो गीक म्हणवून घ्यायचा. कुणी विचारलं, म्हणजे काय रे, तर म्हणायचा, "ज्याला माणसाच्या आधी मशीन कळतं तो." गल्लीतल्या बायका त्याच्यामागे त्याला गिक्या म्हणायच्या. मी तोंडावर म्हणायचे. आम्ही एका वयाचे, एका शाळेतले, आणि आमच्या दोघांच्या घरांमध्ये भिंत एकच. त्यामुळे त्याच्या घरात पट्टा कधी निघतो ते आम्हाला घड्याळ न बघता कळायचं.

त्याचे बाबा गिरणीत होते. गिरणी गेली, मग एका सोसायटीत रात्रीची वॉचमनकी. दिवसा झोपायचे, आणि झोपमोड झाली की धडगत नसायची. सुहास तेव्हा स्टेशनजवळच्या एका कॉम्प्युटर क्लासला जायचा. चप्पल बाहेर काढायची, एसीच्या खोलीत देवळात शिरल्यासारखं शिरायचं, आणि काळ्या पडद्यावरची हिरवी अक्षरं लांबून बघायची. हात लावायची पाळी आठवड्यातून एकदा. म्हणून पठ्ठ्याने घरी पुठ्ठ्यावर खऱ्या मापाचा कीबोर्ड काढला आणि त्यावर बोटं बडवत बसायचा. टकटक, टकटक. एका दुपारी त्या टकटकीने बाबा उठले. आधी पट्टा झाला. मग त्यांनी तो पुठ्ठा टराटरा फाडला आणि तुकडे पोराच्या तोंडात कोंबले. गिळ म्हणाले. त्याची आई, आम्ही सगळे तिला आयेच म्हणायचो, मध्ये पडली तर तिचं डोकं भिंतीवर आपटलं. तो आवाज आमच्या बाजूला आला.

पुढे हाच किस्सा सुहास हसत हसत सांगायचा. "मंजे, लोक पहिला कॉम्प्युटर विकत घेतात. मी खाल्ला." ऐकणारे खो खो हसायचे. मला कधी हसू आलं नाही.

तो वीसेक वर्षांचा असताना त्याने भंगारातले सुटे भाग जुळवून खरोखरचा कॉम्प्युटर उभा केला. दसऱ्याला आयेने कौतुकाने तो पूजेत मांडला, गावच्या कोयत्याच्या शेजारी. हळद-कुंकू वाहिलं, फूल वाहिलं, आणि माऊलीने मूठभर अक्षता फ्लॉपी घालायच्या फटीत सोडल्या. तिला वाटलं, देवाचं तोंड ते. ड्राइव्हची वाट लागली. सुहास ओरडला, आये रडली, आणि बाबांनी उठून तो कॉम्प्युटर लाथेने खाली पाडला. मग सुहासने बाबांना मारलं. नुसतं मारलं नाही, बडवलं. खाली पाडून, छातीवर बसून. आम्ही चार-पाच जण त्याला ओढत होतो. तो उठेना. बाबांचा जबडा निखळला होता तरी हात चालूच.

त्या दिवसापासून तो कुणाशीही बोलताना हात पाठीमागे बांधून उभा राहायचा. भांडण होवो, चेष्टा होवो, हात मागे. मी एकदा विचारलं, तर खालच्या आवाजात म्हणाला, "मला मजा आली गं हाणताना. तीच भीती आहे."

त्याला बाकी नाद कमी नव्हते. दिवाळीत खराब सीडींचा आकाशकंदील करायचा, संध्याकाळी सगळ्या गल्लीभर रंग नाचायचे. जुन्या काळचे गेम फ्लॉप्यांवर जपून ठेवले होते, फ्लॉपी लावायला मशीन उरलं नव्हतं तरी. पूर्वी टेलिफोनवरून इंटरनेट जोडताना जो खरखरीचा आवाज यायचा, तो त्याने मोबाइलची रिंगटोन म्हणून ठेवला होता. फोन वाजला की मांजराच्या घशात काटा अडकल्यासारखं वाटायचं. "माझ्या तरुणपणीचं संगीत आहे ते, मंजे, इज्जत दे जरा!"

आणि त्याचा तो सिद्धांत. राग म्हणजे भरलेली मेमरी. मेमरी भरली की मशीन अडकतं, रिकामी केली की पुन्हा पळायला लागतं. माणसाचं पण तसंच. मेलेल्या मशीनवर राग काढा, जिवंत माणसं वाचतील. म्हणून त्याने तो कोपरा सगळ्या गल्लीला खुला केला होता. नियम दोनच. चष्मा लावायचा, आणि "मारा, पण झाडून जा." सासवांशी भांडलेल्या सुना यायच्या, नापास झालेली पोरं यायची. मीसुद्धा एकदा सासूच्या नावाने एक प्रिंटर फोडला. खोटं कशाला बोलू, झकास वाटलं.

माझं लग्न गल्लीतच झालं, वरच्या चढावरच्या दिलीपशी. तो कुरिअरच्या गोदामात कामाला. मला मारायचा. भाजीत मीठ कमी म्हणून, मुलगी रडली म्हणून, मी हसले म्हणून. मी सुहासच्या दुकानात लोकांचे ऑनलाइन अर्ज भरायला बसायचे. एक दिवस डोळा सुजवून गेले. सुहास माझ्याकडे बघत राहिला, हात मागे घट्ट धरून, आणि तसाच चढ चढून आमच्या घरी गेला.

"दिलीप, बायकोवर हात टाकायचा नाही. राग आला की माझ्याकडे ये. पाहिजे ते फोड."

दिलीपला वाटलं होतं, हा मारायला आलाय. तो हसलाच. पण आला. आधी आठवड्यातून एकदा, मग रोज, ड्युटी सुटली की. घरी जरा शांतता झाली. सुहास नुसता हवेत. "बघितलंस? मशीन दुरुस्त!" मलाही वाटलं, सुटले बाई.

मग एका संध्याकाळी मी काउंटरवर अर्ज भरत होते आणि आतून दिलीपचा आवाज आला. प्रत्येक घावाला एक शब्द. मंजू. धाड. मंजू. धाड. मी सुहासकडे बघितलं. तोही ऐकत होता. म्हणाला, "बाहेर पडतंय ते. पडू दे." अरे, काय बाहेर पडतंय! एवढा हुशार माणूस, आणि त्याला एवढं कळू नये? मला अजून त्याचा राग येतो. मेलेल्या माणसाचा राग येऊ नये म्हणतात, पण येतो.

घरी पुन्हा सुरू झालं. पूर्वी दिलीप आंधळेपणाने हात उगारायचा, मी चुकवायचे. आता तो नेम धरायचा.

मग एका दुपारी त्याने दुकानात येऊन मला इथलं काम सोड म्हणून सांगितलं. मी नाही म्हटलं. तो सरळ मागच्या कोपऱ्यात गेला. मी आवाजाची वाट बघत होते. आवाज आला नाही. ढीग संपला होता. दिलीपनेच संपवला होता, महिनाभर रोज येऊन. तो हातोडी घेऊन बाहेर आला, डोळ्यांवर तो चष्मा, आणि शांतपणे म्हणाला, "तिकडे काही उरलंच नाही."

सुहास आमच्या मध्ये आला. हात पाठीमागे.

"दिलीप, ठेव ते खाली."

"बाजूला हो."

"ठेव म्हणतो ना, यार."

मी किंचाळले, "हात काढ ना रे, सुहास! एकदा तरी काढ!" त्याने काढले नाहीत. पहिला घाव कानाच्या वर बसला. हाडाचा आवाज मी ओळखते, लहानपणापासून ओळखते. तो गुडघ्यावर आला, तरी माझ्यासमोरून हलला नाही. दुसरा घाव खांद्यावर. तिसऱ्याला दिलीपने हात उचलला तेव्हा मी काउंटरवरचा जुना जड कीबोर्ड दोन्ही हातांनी त्याच्या तोंडावर घातला. बटणं उडाली, दात पडले, चष्म्याची काच फुटली. मी आणखी हाणला असता. समोरच्या वाण्याने आणि दोन पोरांनी त्याला धरला, आणि मला पण धरावं लागलं.

टाके घातल्यावर पोलीस चौकीत जबाब झाला. डोक्याला पट्टी, शर्टावर रक्त वाळलेलं, आणि हा सुहास हवालदाराला सांगतोय, "साहेब, माझं पण नाव लिहा. मारायचा सराव याने माझ्या दुकानात केलाय. मी बोलावून शिकवलंय." हवालदार वैतागला. "अहो, जखमी तुम्ही, आरोपी पण तुम्हीच? एक काय ते ठरवा ना." बाहेर आल्यावर सुहास पायरीवर बसला. म्हणाला, "मंजे, रिकामा होत नाही गं राग. हाताला सवय लागते. चुकलो मी." असं त्याच्या तोंडून मी आयुष्यात एकदाच ऐकलं.

त्यानंतर त्याचं डोकं दुखायचं. पुन्हा तपासून घे म्हणून मी कानीकपाळी ओरडले. "हार्डवेअर ठीक आहे," म्हणायचा, आणि गोळी घेऊन कामाला लागायचा. दिलीप जामिनावर सुटला होता. मी पोरीला घेऊन माहेरी राहत होते, आणि त्याची बहीण तिथे खेपा घालत होती. तो सुधारलाय, रोज देवळात जातो, पोरीला बाप नको का? माझी आई पण तिच्या बाजूने बोलायला लागली. आणि खरं सांगते, मी थकले होते. मुलगी रात्रंदिवस बाबा बाबा करायची. जावं का परत, हे माझ्या डोक्यात रोज यायचं.

एका सकाळी एका आजींच्या आधारकार्डाची प्रिंट काढता काढता सुहास काउंटरवर आडवा झाला. हॉस्पिटलात नेईपर्यंत संपला. डॉक्टर म्हणाले, डोक्यात रक्त साचत होतं, त्या घावाचंच. कितीतरी दिवस हळूहळू.

स्मशानातून सगळे परतले तेव्हा आये दारात बसली होती. नवऱ्याचा मार खाऊन तिची मान कायमची एका बाजूला कललेली. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही. मी जवळ बसले तर तिने माझं मनगट धरलं. त्या म्हातारीच्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

"गे मंजू, तू परत जाव नको हां त्येच्याकडे. मी जन्मभर मार खाल्लंय, माझ्यासाठी कोण मधी पडलो नाय. तुझ्यासाठी माझो झील, माझो सुहास, पडलो. तू परत गेलंस, तर तो फुकट गेलो."

दुसऱ्या दिवशी दिलीपची बहीण आली. पोलीस पुन्हा दिलीपला घेऊन गेले होते. खिडकीतून म्हणाली, "वहिनी, एवढंच सांग ना, सुहास तोल जाऊन पडला होता म्हणून. आणि घरी ये. झालं गेलं विसरून जाऊ सगळे." मी कडी काढली नाही. ती बराच वेळ दार वाजवत होती. माझी आई आतून म्हणाली, अगं उघड, लोक बघतायत. मी म्हटलं, बघू देत. मग पोरीला उचलून कडेवर घेतलं, मागच्या दाराने उतरले आणि चौकीत जाऊन मी काय बघितलं ते पहिल्यापासून सांगायला बसले.