पाण्याला वाट

बद्रुद्दीनचा दिवस पहिल्या कोंबड्याच्या आधी सुरू होई. जाग आली की त्याची नजर आधी दाराकडं जाई. दार म्हणजे चौकटीला बांधलेलं तरट. तो कामावर बाहेरगावी असला की त्याची बायको खुर्शीद उशाशी विळा घेऊन निजायची. संग्रामपुरात चोऱ्या फार नव्हत्या, पण तरटामागं झोपणाऱ्या बाईला ते सांगून उपयोग नसतो.

तो दगडाचा मिस्तरी. विहिरी बांधण्यात नाव होतं. त्या उन्हाळ्यात सातपुड्यातल्या कोरकू आदिवासींच्या ढाण्यावरून, म्हणजे पाड्यावरून, बोलावणं आलं. तिथं उतारावर धानाच्या पायऱ्या होत्या. एका पायरीची ताल, म्हणजे दगडी बांध, ढासळली होती. मजुरी धानात मिळायची, तीही पावसात ताल टिकली तरच.

"या खेपीले तरी दरवाजा होईन का?" खुर्शीदनं विचारलं.

"ताल उभी राह्यली की होईन."

"अन् नाई राह्यली तं?"

"मी बांधलेलं कधी पडलं का वं?"

पहार, घण आणि पीठ खांद्यावर घेऊन तो निघाला. पायथ्यापर्यंत सपाट वाट. पुढं सात ओढे आणि अशी चढण, की घण दर शंभर पावलांनी खांदा बदलायला लावी. सागाच्या जंगलातून जायचं, पण मध्यप्रांत सरकारचा जंगलनाक्यावरचा नाकेदार एक फळीही खाली नेऊ देत नसे.

शेत तानुबाईचं होतं. म्हातारी, काटक. बद्रुद्दीननं विहिरीसारखी ताल रचली. दगडाला दगड घासून बसवला. सांध्यात सुई जाईना. बावीस दिवस लागले. तानुबाई रोज येऊन बघायची.

"मिस्तरी, पानी कोठून जाईन?"

"पानी अडवासाठीच तं ताल हाय, माय."

"अडवाचं नाई, थांबवाचं," ती म्हणाली.

त्याला फरक कळला नाही. तो हसला आणि घरी आला.

आषाढात झड लागली. चार दिवस सूर्य नाही. बद्रुद्दीन उठे, बसे, ओसरीत जाई, परत येई. डोंगराकडं बघे, तर डोंगर दिसत नसे.

"अजी, किती फेऱ्या मारता? जमीन झिजून राह्यली," खुर्शीद म्हणाली.

"पानी कोठून जाईन, म्हने ते बाई."

पाचव्या पहाटे तो पहार घेऊन निघाला. तिसऱ्या ओढ्याला कमरेइतकं पाणी होतं. दोरी झाडाला बांधून उतरला.

ताल पडली नव्हती, पण मधोमध तिला पोट सुटलं होतं. मागची माती पाणी पिऊन फुगली होती आणि तिला वाट नव्हती. वर हिरवी रोपं उभी होती.

तानुबाई डोक्यावर घोंगडं घेऊन आली. "तुमची ताल पोटुशी राह्यली, मिस्तरी. आता बाळंतपन तुम्हीच करा."

त्यानं मान खाली घातली आणि पहार लावली. पोट सुटलेला भाग वरून एकेक दगड काढत खाली आणला. वरची रोपं तानुबाईनं चार हात मागं लावली. ताल पुन्हा रचताना तिच्या मागं त्यानं मूठ-मूठ खडी भरली आणि खालच्या थरात हातभर अंतरानं मुठीएवढी भोकं सोडली. स्वतःच्या घट्ट सांध्यांत स्वतःच भोकं पाडायची, याचं त्याला दगडापेक्षा जास्त ओझं झालं. अकरा दिवस गेले. या अकरा दिवसांची मजुरी त्यानं मागितली नाही.

मग रात्रभर पाऊस कोसळला. सकाळी त्यानं पाहिलं, प्रत्येक भोकातून पाण्याची धार पडत होती. माती येत नव्हती. वर रोपांत पाणी थांबलेलं होतं.

"थांबलं," तो म्हणाला.

"मंग? मी काय सांगत होती?"

दिवाळीनंतर तानुबाईनं धान मापून दिलं. दोन खेपांत त्यानं ते पाठीवरून खाली आणलं आणि बाजारात विकलं. रंगराव सुतारानं सागाचा दरवाजा केला. आतून लोखंडी कडी.

पुढच्या कामाला निघाला त्या पहाटे बद्रुद्दीन वेशीपर्यंत गेला आणि छिन्नी विसरली म्हणून परत आला. दरवाजा बंद होता. त्यानं फळीवर थाप मारली.

"कोन हाय?" आतून खुर्शीद.

तरटामागून हे कधी कोणी विचारलं नव्हतं.

"मी."

"मी कोन?"