सल्ला न देण्याचा सूड

मी सूड घेतला तो भर दुपारी, बावीस विद्यार्थ्यांच्या साक्षीनं, नुसती मान डोलावून. आजही आठवलं की एकटीच हसत बसते.

विद्यापीठात मी समुपदेशनाची प्राथमिक कौशल्यं शिकवते. समोरच्याचं नीट ऐकायचं, मान डोलवायची, मधूनच 'हं' म्हणायचं, त्याच्या मनातलं आपल्या शब्दांत त्याच्यापुढं ठेवायचं आणि जिभेवर आलेला सल्ला गिळून टाकायचा. हे शेवटचं सोलापुरात फार जड जातं. नवी पेठेत एखाद्या दुकानाचा पत्ता विचारा, सांगणारा तिथं काय घ्यावं आणि मुळात घ्यावं का, हेही सांगतो.

आमच्या विभागप्रमुखांना हा विषय म्हणजे पोरखेळ वाटायचा. भर बैठकीत ते म्हणाले होते, "मॅडम, मान तर नंदीबैलही डोलवतो. त्याला कुठं आपण मार्क देतो?" सगळे हसले. मीही हसले. दुसऱ्या दिवसापासून माझ्या तासाचं नाव 'नंदीबैलाचा तास' पडलं आणि मी वाट बघायला लागले. चार वर्षं बघितली.

सरांच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते. गुरुवारच्या प्रात्यक्षिकात कुणीतरी आपली खरी अडचण घेऊन माझ्यासमोर बसतं आणि वर्ग बघतो. त्या गुरुवारी सर दारात उभे राहून म्हणाले, मीच बसतो, बघू तुमच्या शास्त्राचा काय उजेड पडतो. सगळ्यांसमोर बोलावं लागेल, चालेल का, असं मी रीतसर विचारलं. वाटल्यास छापा, म्हणाले. छापते आहे.

अडचण खरी होती. निवृत्तीनंतर पुण्याला मुलीजवळ राहायला जायचं, असा त्यांच्या पत्नीचा, म्हणजे आमच्या बाईंचा, आग्रह होता. फ्लॅट बघून झाला होता, रविवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं आणि सरांचं काही ठरत नव्हतं.

"तुम्ही सांगा मॅडम, जाऊ की राहू?"

माझ्या ओठांवर उत्तर नाचत होतं. जा! आजच्या गाडीनं जा! पण सांगून टाकलं असतं तर गंमत तिथंच संपली असती. मी किंचित पुढं झुकले आणि मान डोलावली.

"दोन्हीकडं ओढ आहे तुमची."

"ते मला माहितीय. पुढं बोला."

"मी चटकन उत्तर द्यावं, असं तुम्हाला वाटतंय."

"वाटतंय म्हणजे? विचारतोय की मी!"

"हं."

सर लाल झाले. ते मूळचे दुधनीचे, राग अनावर झाला की कानडीत शिरतात. तसे शिरले. अर्ध्या वर्गाला कानडी येते, त्यांनी माना खाली घातल्या. कुंभारीहून येणाऱ्या एका मुलीनं ओढणी तोंडात कोंबली. समोरचा थांबला की मनात दहा आकडे मोजावेत, असं मी शिकवते. सरांसाठी मी तीस मोजायचं ठरवलं.

सत्ताविसाव्या आकड्याला ते हळूच म्हणाले, "तिथं मला सर म्हणणारं कोण आहे? गेटवरचा वॉचमन रोज विचारणार, कुणाकडं जायचंय."

इथं मला त्यांची दया आली, असं लिहिलं तर छान दिसेल, पण खोटं होईल. मला उकळ्या फुटत होत्या. मी अगदी मऊ आवाजात म्हटलं, "इथून गेलात तर आपण कुणीच उरणार नाही, अशी भीती वाटते."

आणि सरांनी मान डोलावली. एकदा नाही, चांगली चार-पाच वेळा. शब्द सगळे पुस्तकातल्या पद्धतीचे होते, सुरी तेवढी माझी होती.

पाणी पिऊन सर उठले. चेहरा एकदम मोकळा झाला होता. "ठरलं," म्हणाले, "नाही जात."

रविवारी त्यांनी घरी तसं सांगितलं. बाई म्हणाल्या, मग मी महिन्यातून आठ दिवस जाऊन येत जाईन. सोमवारी सरांनी वरिष्ठांकडं अर्ज दिला: या विषयाचं मोल आता कळलं आहे, निवृत्तीनंतर दर गुरुवारी मॅडमना विनामोबदला मदत करायची इच्छा आहे. अर्ज त्याच दिवशी मंजूर झाला. एक 'जा' मी गिळला नसता तर हा माणूस आज पुण्यात असता.

आता ते दर गुरुवारी येतात. मी त्यांना निरीक्षकाची जबाबदारी दिली आहे. प्रात्यक्षिक संपेपर्यंत निरीक्षकानं एक अक्षर बोलायचं नाही, असा नियम आहे. गेल्या आठवड्यात एक मुलगा आपली अडचण सांगत असताना सरांचं तोंड तीनदा उघडलं. तिन्ही वेळा मी त्यांच्याकडं अतिशय आपुलकीनं बघितलं, आणि तिन्ही वेळा त्यांनी ते मिटलं.