चुन्याची रेघ

रामकिसनच्या शब्दाला गावात वजन होतं, आणि त्या वजनाखालीच सांडू चिरडला गेला. मेला होता तो आधीच, चिरडला नंतर.

रामकिसन विहिरीवर यारी चालवायचा. काठावर खांब, खांबाला फिरता आडवा दांडा, दांड्याच्या टोकावरून तारेचा दोर आणि दोराला लोखंडी टोपलं. खाली फोडलेला दगड भरायचा, टोपलं वर ओढायचं, दांडा फिरवून बाहेर काढायचं. ते उलटं करायला काठावर सांडू असे. त्यानं कुठं उभं राहायचं हे पहिल्याच दिवशी ठरे. रिकामं टोपलं सावकाश फिरवायचं आणि त्याच्या वाटेबाहेर चुन्यानं रेघ मारायची. रेघेमागं माणसाला भय नाही, हे रामकिसनला त्याच्या बापानं शिकवलं होतं.

मग दुष्काळ पडला. पाणी पाताळात गेलं आणि चितेगावच्या आसपास विहिरी खोल करायची नुसती झुंबड उडाली. इथलं काम उरकायच्या आतच पुढच्या गावचे लोक यारी न्यायला ट्रॅक्टर घेऊन येऊन बसत. रामकिसनचा हात जोरात चालू लागला. एका दुपारी भरलेलं टोपलं गर्रकन फिरलं आणि सांडूच्या छाताडावर बसलं. तो जागीच गेला.

"सांडू रेघ वलांडून आला," रामकिसननं हवालदाराला सांगितलं. त्यानं डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. पण टोपलं रेघेबाहेर जात नसतं, म्हणजे माणूसच आत आला असणार! गावानं त्याला तिखटमीठ लावलं, की सकाळीच ढोसून आला असेल. मेलेला माणूस थोडाच भांडायला येतो? सांडूची बायको द्वारकाबाई बेवड्याची बायको ठरली आणि पोराला घेऊन शहरात भांडी घासायला गेली.

पुढे त्या विहिरीभोवती प्लॉट पडले. रामकिसननं यारी विकली, कंपनीच्या गेटवर वॉचमन झाला आणि लेकीला, करुणाला, इंजिनिअरिंगला घातलं. एका रविवारी ती वही घेऊन त्याच्याजवळ बसली.

"पप्पा, तुमची यारी आलीय आमच्या अभ्यासात!"

रामकिसनची छाती फुगली. करुणानं कागदावर खांब काढला. फिरणाऱ्या वस्तूची जागा तीन गोष्टींवरून सांगायची. खांबापासून किती लांब, किती फिरली, किती उंच. क्रेन असो की कंपनीतला रोबोटचा हात, गणित हेच.

"आणि दांडा जोरात फिरवला की टोपलं बाहेर फेकलं जातं. वेग दुप्पट केला तर ओढ चारपट."

"आन् रेघ सावकाश फिरवून मारली आसंल तर?"

करुणानं वर पाहिलं. सांडूकाकाच्या खांद्यावर बसून ती लहानपणी जत्रा फिरली होती.

"मग रेघेच्या मागं उभा असला तरी लागंल, पप्पा."

खोटं बोलली असती तर काय बिघडलं असतं? पण पोरीला गणित आलं होतं आणि बापाची दया आली नाही.

दुसऱ्या दिवशी रामकिसन शहरात, औरंगपुऱ्यातल्या खानावळीच्या मागच्या अंगाला जाऊन उभा राहिला. द्वारकाबाई खरकट्या ताटांच्या ढिगापुढं बसली होती.

"वहिनी, सांडू रेघेच्या मागंच व्हता. माझाच हात जोरात चालला."

द्वारकाबाईचे हात थांबले.

"सात वर्सं त्याचा फोटू मी भिंतीला लावू दिला नाय, भाऊ. पोरगं बापाचं नाव काढलं की थुंकतं. दारूपायी आमाला उघड्यावर टाकलं म्हणून मी त्याच्या मयताला रडलेसुदिक नाय."

"मी गावात समद्यांना सांगतो, वहिनी."

"गाव ऱ्हायलंय कुठं? जमिनी इकून समदे पांगले. आता कुनाला सांगता?" तिनं पदरानं तोंड पुसलं. "तुमचं मन हलकं झालं, व्हय ना? मंग जावा आता. मला आमच्या ह्यांच्यासाठी रडायचंय, आन् हितं दुपारची समदी भांडी पडलीत."

आतून मालकानं ताटं मागितली. ती घासायला लागली.