जेवणाच्या सुट्टीतला धवला

आई गात होती आणि कॉलेजातले पाहुणे जेवत होते. हातात ताटं घेऊन, उभ्याने, तिच्याकडे पाठ करून. कुणीतरी मोठ्याने पापड मागितला.

माझी आई धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून एकेक विधी ती धवला, म्हणजे लग्नाचं गाणं, गाऊन लावते. ती गात असेल तेव्हा आमच्या गावात पंगत बसत नाही. भटजीसुद्धा थांबतो.

मी कॉलेजात तासिका तत्त्वावर एम.ए.ला शिकवते. आमच्या विभागप्रमुख सरांनी परिसंवाद ठेवला होता. विषय, विद्यापीठीय शिक्षणाचं निर्वसाहतीकरण. म्हणजे साहेबाने लादलेलं ज्ञानच तेवढं खरं, हे मानायचं सोडायचं आणि आपल्या माणसांचं ज्ञान वर्गात आणायचं. मी मुलांना हेच शिकवते. सर म्हणाले, "आईंना घेऊन या." मी वेडी, हुरळले. मांडव्याच्या जेट्टीवर पाहुण्यांना आणायलाही मीच गेले. हॉलवर पोचल्यावर कळलं, आईचं गाणं जेवणाच्या सुट्टीत ठेवलंय.

माईक हातात आल्यावर आईने सरांना विचारलं, "लगीन कुनाचा हाय? नवरी कनची?"

धवल्यात नवरा-नवरीची नावं घ्यावी लागतात. त्याशिवाय ती गात नाही. सर हसले. पाहुण्यांना इंग्रजीत सांगितलं, मग तेही हसले. "धरा हो कुणीतरी नवरी," सर म्हणाले.

आईने माझं नाव घेतलं. माझं लग्न व्हायचंय अजून. नवऱ्याच्या नावाशी अडखळली, तिथे देवाचं घेतलं.

थोडं गाऊन होतंय तोच सरांनी माईक बंद करायला लावला. "बस, बस, मावशी. सत्र सुरू करायचंय."

धवला मध्येच तोडत नाहीत. अपशकुन होतो. त्यात तर माझं नाव होतं. आई माईकशिवाय गात राहिली, भांड्यांच्या आवाजात. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले, संपेपर्यंत. माझे कान तापले होते. लाज नव्हती ती. राग होता.

दुपारी माझा शोधनिबंध होता, धवलारणींवरच. मी मराठीत सुरुवात केली. पुढच्या रांगेतून सर म्हणाले, "मॅडम, इंग्लिश प्लीज."

आई मागे दाराशी उभी होती. खुर्च्या पाहुण्यांना पुरल्या नव्हत्या.

मी कागद मिटले. "सर, आधी माझ्या आईला खुर्ची द्या. मग मी बोलेन. आणि मराठीतच बोलेन."

कुणी उठलं नाही. मी खाली उतरले, आईचा हात धरला आणि बाहेर पडले. सर मागोमाग व्हरांड्यात आले. "पुढच्या वर्षी तास हवेत ना तुम्हाला?"

एसटीत आई खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "तुजे नोकरीसाठी गायली गो मी. नवरी नाय तं कोन गातंय?"

हे मी विसरणार नाही. सरांना विसरू देणार नाही.

पुढच्या वर्षी तास मिळाले तर पहिला तास आईचा. वर्गात, माझ्या खुर्चीवर बसून, भर तासात. परीक्षेत त्यावर प्रश्न असेल. तास नाही मिळाले तर वर्ग आमच्या अंगणात भरेल, मुलं येतील. सर, तुम्हीही या. ताट बाहेर ठेवून या.