नजमाच्या पाठीवरची दुर्बीण

खरं सांगा, दुसऱ्याने काढलेला फोटो बघून तुमचा कधी जळफळाट झालाय का? "छे, आम्ही तसले नाही" म्हणणाऱ्यांनी इथेच थांबावं. पुढचं त्यांच्यासाठी नाही.

माझा झाला तो मे महिन्यात. इराकमध्ये, मजर गावाच्या खाली, दिजला म्हणजे टायग्रिस नदीच्या फाट्यावर, मी नऊ वर्षं पाखरांचे फोटो काढतोय. शाळा सहावीपर्यंत. कॅमेरा, पाखरांची नावं, कायद्याची कलमं, सगळं माझं मी शिकलो. बाजारात पाखरं धरून विकणाऱ्या जाळेवाल्यांच्या समोर पाटी धरून उभा राहतो, शिव्या खातो, दुप्पट परत देतो. आमच्या पक्षीवाल्यांचा फोनवर ग्रुप आहे, तो मी काढला. त्याचा पहिला नियमही मीच लिहिला: फोटो टाका, जागा सांगू नका.

त्या ग्रुपवर एका सकाळी उम्म साचितचा फोटो आला.

उम्म साचित, म्हणजे साचितची आई, ही म्हशीवाली. उजाडायच्या आत उठून दुधाची जाड साय काढायची, डोक्यावर थाळा घेऊन बाजारात विकायची आणि उन्हं चढायच्या आत म्हशी नदीपार न्यायच्या. सरकारने पाणथळ सुकवली तेव्हा तिचं सगळं गाव उठलं. पाणी परत आलं तशी ती एक म्हैस घेऊन परतली. आज बारा आहेत. नवऱ्याच्या मागे त्याची लष्करातली दुर्बीण राहिली, एक डोळा फुटलेली. मुलगा साचित बसऱ्याला असतो, त्याने जुना फोन पाठवला. बाईने सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून फोन दुर्बिणीच्या धड डोळ्याला बांधला. लिहिता-वाचता येत नाही. ग्रुपवर फोटो सून टाकते.

आणि फोटो कसला! डोळ्याला काजळाचा पट्टा असलेलं ते फिकट, ठिपकेदार बदक. पाण्यावर, सात पिल्लांसकट. त्या बदकाची पिल्लं आमच्या ग्रुपात कुणीच टिपली नव्हती. मी तर चार उन्हाळे बोरूच्या बेटात गळ्याइतक्या चिखलात बसलो होतो. मला दिसली ती त्याची उडती शेपटी.

मी तडक तिच्या गोठ्यावर गेलो. तिला मी खाला, म्हणजे मावशी, म्हणतो.

"खाला, हा फोटो कसा काढलास?"

"उभी राहून."

"थट्टा नको. किती लांबून?"

"इथून त्या चुलीएवढं."

"शक्यच नाही! ते माणसाला शंभर पावलांवर येऊ देत नाही."

"मग मी माणूस नसेन," ती हसली. "मिजहिर, तू जातोस चोरासारखा. वाकून, लपून, हिरवे कपडे घालून. कोण घाबरणार नाही? मी म्हशींत असते. पाखरं म्हशी मोजतात, मला कुठे मोजतात?"

नजमा तिची सगळ्यांत जुनी म्हैस. बाई कमरेइतक्या पाण्यात तिच्या आडून चालते, दुर्बीण तिच्या पाठीवर टेकवते आणि म्हशीने श्वास सोडला की स्वतःचा रोखून बोट दाबते. एवढंच. माझी कॅमेऱ्याची तीन पायांची घोडी किनाऱ्यावर गंजतेय आणि हिची चार पायांची चरतेय!

दुसऱ्या दिवशी मीही म्हशींत शिरलो. नजमाने मान वळवून मला हुंगलं आणि अशी ढुशी दिली की मी कॅमेऱ्यासकट पाण्यात. किनाऱ्यावर बाया पोट धरून हसल्या. उम्म साचितच म्हणाली, "हसू नका गं, आंघोळ करतोय तो." आणि मला हात देऊन वर काढलं, चहा पाजला, भाकरीवर सायीचा लपका घातला. ती साय मला विषासारखी लागली.

घरी येऊन मी तो फोटो पुन्हा उघडला. मोठा करून करून पाहिला. कोपऱ्यात, धूसर, एक गंजका पाइप. तो पाइप मला पाठ आहे. मी ग्रुपवर लिहिलं: "यात कसलं कौतुक? जुन्या पंपामागची खाडी आहे. तिथे गेलं तर कोणीही काढील."

वीस मिनिटांनी मी ते पुसलं. ग्रुपात जाळेवाल्या चासिबचा मेहुणा होता. रागात ते माझ्या लक्षात आलं नाही, असं मी लोकांना सांगतो. आलं होतं.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी पाटी घेऊन बाजारात उभा होतो. चासिबच्या टोपलीत, पाय बांधलेलं, काजळाच्या पट्ट्याचं ते बदक. त्याने मान वर केली आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "ये उस्ताद, पाटी उंच धर! आज तुझ्याच कृपेने माल आलाय."

मी टोपली लाथेने उडवली, त्याची कॉलर धरली, दोन खाल्ल्या, तीन दिल्या. त्याने काय होणार होतं? जाळ्याने पंख मुळातून उपटला होता. बदक संध्याकाळपर्यंतही राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोठ्यावर गेलो. उम्म साचित नजमाच्या शिंगांत गुंतलेले जाळ्याचे धागे विळ्याने कापत होती. पहाटे तिने सगळा कळप त्या जाळ्यावरून हाकला होता, चिंध्या केल्या होत्या. पण उशीर झाला होता.

"पिल्लं?" मी विचारलं.

"काल दोन दिसली. आज नाही दिसली."

"खाला, ते मी..."

"माहीत आहे. सुनेने वाचून दाखवलं होतं." तिने धागा ओढून तोडला. "तुला फोटो हवा होता, तर मागायचास. तुझं नाव घालून टाक म्हटलं असतं. मला नाव काय करायचंय?"

शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

ती अजून रोज नदीपार जाते. दुर्बीण अजून नजमाच्या पाठीवर असते. ग्रुपवर मात्र तिचा एकही फोटो आला नाही. सुनेलाही दाखवत नाही म्हणे. मी किनाऱ्यावरून बघतो. मधेच ती थांबते, श्वास रोखते, बोट दाबते. काहीतरी मिळालेलं असतं तिला. काय, ते कुणालाच कळत नाही. आणि खोटं कशाला बोलू, मी अजून जळतो.

म्हणून तुम्हाला सांगतो. पाखराचा फोटो आवडला तर आवडला म्हणा, पण जागा विचारू नका. आणि कुणी आपणहून सांगायला लागला, तो मी असलो तरी, त्याला तिथल्या तिथे गप्प करा.