न सांगता पुढे आलेला हात

स्विचचं झाकण माझ्या हातातून निसटलं. फरशीवर पडून फुटलं. एवढंच.

सुपरवायझर वळून ओरडला, "कुणी पाडलं?"

आणि माझा उजवा हात पुढे आला. तळवा वर. बोटं जुळलेली. छडी खायला धरतात तसा.

मी शाळेतली पोर नव्हते. पगार आणणारी बाई होते. माजिवड्याच्या पुढे हायवेला इलेक्ट्रिक स्विचची कंपनी होती, तिथे लाइनवर जोडणीचं काम करायचे. नव्वदच्या आसपासची गोष्ट. आधी कुणाला कळलंच नाही मी काय करतेय. मग सुपरवायझरला कळलं.

"अरे बघा, बघा! ही मार खायला तयार!"

त्याने टेबलावरचा स्क्रूड्रायव्हर उचलला. त्याच्या दांड्याने माझ्या तळव्यावर हळूच टकटक केलं. "जा. आता नीट काम कर." अख्खी लाइन हसली. माझ्या बाजूची पण हसली. मी पण हसले. ते हसणं अजून आठवलं की तोंड कडू होतं.

मग तो खेळच झाला. चूक कुणाचीही असो, तो लांबून ओरडायचा, "हात!" आणि माझा हात यायचा. घरून ठरवून निघायचे की आज नाही. तरी यायचा. मला विचारतच नव्हता तो.

हा हात शाळेत घडला.

आमचं घर खाडीकाठच्या कोळीवाड्यात. आई टोपली घेऊन टेंभी नाक्यापर्यंत दारोदार मासळी विकायची. शाळा गावातली, चांगल्या नावाची. चौथीला ज्या बाई होत्या त्यांचं मराठी इतकं स्वच्छ की ऐकत राहावं. त्या कधी रागाने मारायच्या नाहीत. शांतपणे मारायच्या. लाकडी पट्टीच्या धारेने. म्हणायच्या, "शहाण्या मुलीला सांगावं लागत नाही. चूक झाली की हात आपणहून पुढे आला पाहिजे."

कोळीवाड्यातल्या आम्ही, आणि नाल्यापलीकडच्या झोपड्यांतल्या मुली, आम्ही सगळ्या शहाण्या झालो. डॉक्टरांची मुलगी मात्र माझ्या पुढच्या बाकावर बसायची. तिच्या वहीत शाईचे डाग. तिला बाई म्हणायच्या, "अगं, उद्या नीट लिहून आण हं."

एकदा मी विचारलं, "बाई, तिला का नाय मारलं?"

बाईंनी पट्टी खाली ठेवली. आधी म्हणाल्या, "'नाय' नाही. 'नाही' म्हणावं." मग पट्टी उचलून दोन्ही हातांवर मारलं. मग शाळा सुटेपर्यंत मैदानात उन्हात उभं केलं. दुसऱ्या दिवशी आईला बोलावलं. आईने टोपली फाटकाबाहेर ठेवली, पदराला हात पुसले आणि बाईंपुढे जोडले.

"पोर उलट बोलली तर मारा बाई. पन शिकवा तिला."

'का' हा शब्द मी त्या दिवशी गिळला.

दहावी झाले तोवर त्याच बाई मुख्याध्यापिका झालेल्या. कंपनीचा मॅनेजर त्यांच्या ओळखीचा. दरवर्षी त्या आमच्यातल्या काही मुली त्याच्याकडे पाठवायच्या. डॉक्टरांच्या मुलीसारख्या नाही, त्या कॉलेजात गेल्या. आमच्यातल्या. मी ऑफिसात उभी होते तेव्हा बाई फोनवर बोलल्या, "आमच्या मुली उलट बोलत नाहीत." मला केवढा अभिमान वाटला! मी वाकून त्यांच्या पाया पडले.

आणि ती नोकरी सोडायची सोय नव्हती. खाडीत कारखान्यांचं पाणी उतरलेलं. जाळ्यात मासळीपेक्षा घाण जास्त. बाबा होडी उलथी घालून बसलेले. आईचे गुडघे गेलेले. घर माझ्या पगारावर होतं. सुपरवायझर "हात!" ओरडायचा आणि मी पगाराची तारीख आठवायचे.

मग चांदीच्या टिकल्या गेल्या. स्विचच्या आत बसवायच्या बारीक टिकल्या, एक डबीभर. कुणी नेल्या ते मला आजही माहीत नाही. पाळी सुटताना सुपरवायझर दारात उभा राहिला. त्याने बायकांची वाटणी केली. तू जा. तू जा. तू थांब. थांबलेल्यांकडे मी बघितलं. कोळीवाडा आणि झोपडपट्टी. बाकी कुणी नाही.

एकेकीला झडतीसाठी स्टोअरच्या खोलीत नेत होते. आत एक बाई होती, लुगडं सोडायला लावणारी. माझ्या पुढे जनाक्का होती, आईच्या वयाची, आमच्याच आळीतली. बाहेर आली तेव्हा निऱ्या पोटाशी धरलेल्या. तिने कुणाकडे पाहिलं नाही. मला कधी मांडीवर घेऊन बोंबलाचं कालवण भरवणारी बाई. ती भिंतीकडे तोंड करून निऱ्या खोचत होती.

"चल, तुझा नंबर," सुपरवायझर बोलला. मग हसला. "हात!"

हात निघाला. मला तो निघताना दिसला. मी डाव्या हाताने त्याचं मनगट पकडलं आणि खाली दाबलं. अशी माझ्याच हाताशी झगडले मी, सगळ्यांसमोर.

"साहेब, बाकीच्या का गेल्या?"

"काय?"

"बाकीच्यांना का सोडलं? आम्हीच का?"

"तू मला विचारतेस?"

"हो. विचारतेय."

आवाज चिरका निघत होता. पण 'का' निघाला. मी बोलले, "सगळ्यांची घ्या. तुमची पण घ्या. मग माझी. नायतर मी आत जाणार नाही." माझ्या मागच्या दोघी रांगेतून बाजूला झाल्या. बाकीच्या गेल्या आत. मी त्यांना काही म्हणत नाही. त्यांच्याही घरात कुणी ना कुणी बसून होतं.

दुसऱ्या दिवशी मला गेटवर अडवलं. लाइनवर सगळ्यांदेखत माफी मागितली तर परत घेतील, असा निरोप होता.

आई डोकं धरून बसली. "क्याला बोललीस गो? जरा गप ऱ्हायली असतीस."

तिसऱ्या दिवशी बाई आमच्या घरी आल्या. आमच्या दारात, पहिल्यांदा. आईने धावत जाऊन शेजारची खुर्ची आणली. चहा दिला. बाई नाक न मुरडता प्यायल्या. खोटं कशाला सांगू.

"मॅनेजरांचा फोन आला होता," त्या म्हणाल्या. "तू माफी मागितली नाहीस तर पुढच्या वर्षीपासून ते आपल्या मुली घेणार नाहीत. तुझ्या मागून येणाऱ्यांचा विचार कर. तू अशी नव्हतीस गं."

"होते बाई. चौथीत होते. ते तुम्ही पट्टीने काढून टाकलंत."

त्यांना आठवेना. खरंच आठवेना. मैदान, ऊन, डॉक्टरांची मुलगी, काहीच नाही. त्या म्हणाल्या, "मी मारलं म्हणून तुम्ही मुली मार्गाला लागलात."

"डॉक्टरांची मुलगी न मारता लागली."

आई मागून ओरडली, "गप गो!" मी गप बसले नाही. मी बोलले, "तुम्ही आम्हाला लिहायला शिकवलंत, ते मी विसरणार नाही. पण कंपनीला जशा मुली लागतात तशा तुम्ही तयार करून पाठवता. मी माफी मागणार नाही."

बाई उठल्या. पदर सावरला. आईला म्हणाल्या, "समजवा हिला." आणि गेल्या.

माफी मी मागितली नाही. पुढच्या वर्षी कंपनीने शाळेतल्या मुली खरंच घेतल्या नाहीत. आळीत दोन घरं माझ्याशी बोलायची बंद झाली, एक अजून बोलत नाही. जनाक्का बोलायची, पण त्या दिवसाबद्दल नाही. आईने सुजल्या गुडघ्यांनी परत टोपली उचलली. हे सगळं माझ्यामुळे. मला ते कुणी शिकवायची गरज नाही.

पुष्कळ दारं फिरले. शेवटी विठ्ठलवाडीला एका शेडमध्ये पंख्यांच्या मोटरींना तार गुंडाळायचं काम मिळालं. पगार आधीच्यापेक्षा कमी. घेण्याआधी शेठने कागद बघितले आणि विचारलं, "जुनी कंपनी का सोडली?"

"सोडली नाही. काढलं. अंगाची झडती दिली नाही म्हणून. इथेही देणार नाही. काम चोख करीन, बोलायचं असेल तिथे बोलीन. घ्यायचं तर घ्या."