नाटकातल्या आईचं भाषण

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला एक इंग्रजी एकांकिका होती. लढाईवर गेलेल्या मुलाची आई घरात बसलेली असते. लष्करातला अधिकारी येऊन दार वाजवतो, टोपी काढतो आणि मुलगा गेल्याचं सांगतो. त्यावर ती आई उभी राहून पानभर बोलते. विश्रामबागेतल्या आमच्या कॉलेजात मॅडमनी त्या एका पानावर अख्खा आठवडा घालवला. तीन वाक्यं एकाच शब्दाने का सुरू होतात, ती प्रश्न विचारते पण उत्तरासाठी थांबत का नाही, आवाज कुठे चढवायचा, कुठे तोडायचा. शिकवायच्या मात्र झकास. वर्गात प्रयोग करायचं ठरलं तेव्हा आईचं काम माझ्याकडे आलं, कारण माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जायचा. साताऱ्याकडच्या आमच्या गावात हळू बोलणाऱ्याला लोक आजारी समजतात.

पण ती आई मला पटेना. मी उठून म्हणाले, "मॅडम, आमच्याकडे असं दारात येऊन कुणी सांगत नाही."

"मग काय करतात?"

"आधी टीव्हीची केबल काढतात."

वर्ग खो खो हसला. मलाही चेव चढला. आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत. बातमी आधी सरपंचाला नाहीतर एखाद्या चुलत्याला कळते. मग पोरं खांबावर चढून त्या घराची केबल सोडवतात. आईचा, बायकोचा मोबाइल काहीतरी निमित्त काढून नेतात. शेजारणी उगाचच येऊन बसतात. पेटी गावात येईपर्यंत त्या बाईला कुणी काही कळू देत नाही. हे सगळं मी सांगितलं तेव्हा हसणं थांबलं. मॅडम म्हणाल्या, "निरीक्षण चांगलं आहे. पण आपण पाठातली आई बघू या, परीक्षेला तीच येणार." मला त्यांचा राग आला, आणि ज्याने ते भाषण लिहिलं त्याचा त्याहून जास्त.

प्रयोगाला थोडे दिवस उरले असताना माझे चुलते कॉलेजच्या व्हरांड्यात येऊन उभे राहिले. फौजेतून रिटायर झालेला माणूस, उभं राहणं अजून तसंच ताठ. त्यांनी मला जीपमध्ये बसवलं. कऱ्हाडच्या अलीकडे उसाच्या कडेला गाडी थांबवून त्यांनी सांगितलं. माझा थोरला भाऊ काश्मीरला होता. तो गेला होता.

"काय रडायचं ते हितं रड," ते म्हणाले. "गावात शिरल्यावर न्हाई. गाडी सकाळी येतीया. तवर तुज्या आईला कळू द्यायचं न्हाई. बायकांनी लय येळ सांभाळली, आता त्यांच्यानं हुईना."

मी रडले. ते माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. मग पाण्याची बाटली पुढे केली.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं तेवढं येत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. म्हणणाऱ्यांनी एकदा हे सोंग आणून बघावं. घरात शिरले तेव्हा दिवस मावळत होता. टीव्ही बंद. दोन शेजारणी निवडलेलेच तांदूळ परत निवडत होत्या. आई चुलीपुढे भाकरी थापत होती.

"सुट्टी पडली, म्हणून आलो," मी म्हणाले. आवाज बरा लागला.

"बरं झालं. केबल गेलीया सकाळधरनं," आई म्हणाली.

हातांचं काय करायचं कळेना, तर हातात एखादी वस्तू घ्या, असं मॅडम सांगायच्या. मी लसूण सोलायला घेतला. आईने नाटकाचं विचारलं. मी म्हणाले, विनोदी आहे. कोणाचं काम करतेस? मावशीचं. एका शेजारणीला हुंदका आवरेना, ती पदर तोंडात धरून बाहेर पळाली. दुसरी तिच्या मागे गेली. मी आईला नाटकातला एक खोटा विनोद सांगितला. आई हसली. ती हसली म्हणून मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची किळस आली.

मग तिने ताट वाढलं. वांग्याची भाजी, कांदा, दोन भाकऱ्या.

"भूक नाही गं."

"खा," आई म्हणाली. तव्यावरची भाकरी तिने उलटली, माझ्याकडे पाहिलं नाही. "आन् तुज्या चुलत्यालाबी आत बोलीव. सकाळधरनं उपाशी फिरतोय त्यो. आजच्याला जेवून घ्या दोघंबी, उद्या ह्या घरात चूल पेटायची न्हाई."